ग्रुपवर आले, वर्गात उतरले का?

शिक्षकांच्या प्रशिक्षणाविषयी गेली दहा-पंधरा वर्षे एक विचार मोठ्या उत्साहाने मांडला जात आहे. तो थोडक्यात असा : उन्हाळ्याच्या सुट्टीत पन्नास शिक्षकांना एका सभागृहात बसवून सर्वांना एकच व्याख्यान ऐकवायचे दिवस आता संपले. प्रत्येक शिक्षकाच्या हातात फोन आहे. व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब, टेलिग्राम या माध्यमांतून ज्याला जे हवे ते, हवे तेव्हा, घरबसल्या आणि फुकट शिकता येते. म्हणजेच प्रत्येक शिक्षकाचा व्यावसायिक विकास त्याच्या स्वतःच्या गरजेनुसार होऊ शकतो. समाजमाध्यमे हीच शिक्षकांची नवी प्रशिक्षण संस्था आहे.

विचार आकर्षक आहे आणि त्यात तथ्यही आहे. परंतु विज्ञानाच्या क्षेत्रात कोणताही दावा समोर आला की आम्ही तीन प्रश्न विचारतो. दावा नेमका काय आहे? त्याला पुरावा कोणता? आणि हे घडते म्हणतात ते कोणत्या यंत्रणेमुळे घडते? हेच तीन प्रश्न या दाव्यालाही विचारून पाहू.

हा विचार इतका का रुचला?

त्याचे कारण जुन्या प्रशिक्षणाच्या दोषांत आहे. राज्य पातळीवर काहीजणांना शिकवायचे, त्यांनी जिल्ह्यातल्यांना, जिल्ह्यातल्यांनी तालुक्यातल्यांना आणि तालुक्यातल्यांनी शेवटी शाळेतल्या शिक्षकांना शिकवायचे, अशी ही उतरंड. वरच्या मडक्यातले पाणी खालच्या मडक्यात येईपर्यंत किती उरते, हे ज्यांनी अशी प्रशिक्षणे घेतली त्यांना सांगायला नको. शिवाय पहिलीला शिकवणारे आणि आठवीला शिकवणारे, गणितात रमणारे आणि गणिताची धास्ती असणारे, सर्वांना एकच मात्रा.

दुसरे कारण आहे एकटेपणा. आपल्याकडे द्विशिक्षकी शाळा असंख्य आहेत. वाडीवस्तीवरच्या अशा शाळेत विज्ञान शिकवताना एखादी शंका आली तर विचारायचे कोणाला? दुसरे गुरुजी बाजूच्या खोलीत दोन इयत्ता सांभाळत असतात. कला शाखेची पदवी घेतलेल्या बाईंना सहावी-सातवीचे विज्ञान शिकवावे लागते, तेव्हा 'हे मला नीट कळलेले नाही' असे म्हणायला त्यांना जागाच नसते. अशा ठिकाणी फोन आला आणि एकाएकी शेकडो सहकारी शेजारी येऊन बसले. या घटनेचे मोल आम्ही मुळीच कमी लेखत नाही.

सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटचे उदाहरण आठवून पाहावे. तेथील प्राथमिक शाळांनी ज्ञानरचनावादाच्या आधारे वर्गाची मांडणी बदलली. राज्यभरातून शिक्षक त्या शाळा पाहायला गेले. २०१५ च्या सुमारास त्यांची छायाचित्रे आणि चित्रफिती शिक्षकांच्या ग्रुपवरून गावोगाव पोहोचल्या. एका बीटमधले काम इतक्या वेगाने इतरांच्या डोळ्यांसमोर येणे पूर्वी अशक्य होते.

पण डोळ्यांसमोर काय आले? छायाचित्रात दिसते ते आले. फरशीवर रंगवलेले चौकोन व वर्तुळे, मण्यांच्या माळा, काड्यांचे गठ्ठे. गठ्ठा सोडून मूल काड्या मोजत असताना शिक्षकाने किती वेळ गप्प राहायचे, मूल अडले की उत्तर न सांगता कोणता प्रश्न विचारायचा, हे छायाचित्रात दिसत नाही. त्यामुळे बऱ्याच शाळांत फरश्या रंगल्या आणि शिकवणे पूर्वीचेच राहिले. दोष रंगाचा नाही, पाहून उचलणाऱ्या शिक्षकांचाही नाही. माध्यमातून कोणती गोष्ट वाहून नेली जाते आणि कोणती मागे राहते, हा मुद्दा आहे. तो पुढेही आपल्या सोबत राहणार आहे.

पुरावा किती?

परदेशांत या विषयावर बरेच संशोधन झाले आहे. अमेरिकेत २००९ साली ट्विटरवर (२०२३ पासून त्याचे नाव एक्स आहे) 'एडचॅट' या खुणेखाली शिक्षकांची साप्ताहिक चर्चा सुरू झाली आणि तिच्या धर्तीवर विषयवार, प्रांतवार चर्चा निघाल्या. २०१४ साली कार्पेंटर आणि क्रुटका या दोन संशोधकांनी ट्विटर वापरणाऱ्या ७५५ शिक्षकांची पाहणी प्रसिद्ध केली. या शिक्षकांनी ट्विटरचे भरभरून कौतुक केले. आपल्या गरजेचे मिळते, ताबडतोब मिळते, समविचारी माणसे भेटतात, एकटेपणा कमी होतो, असे त्यांचे म्हणणे होते. या विषयावर लिहिणारे अनेकजण या पाहणीचा आधार घेतात.

पाहणी प्रामाणिक आहे. मात्र तिच्यातून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे नीट पाहिले पाहिजे. उत्तरे देणारे सगळे ट्विटर वापरणारेच होते. ज्यांनी ते वापरून पाहिले आणि कंटाळून सोडून दिले, ते या ७५५ मध्ये येण्याचा संभव फारच थोडा. जत्रेत फिरणाऱ्यांनाच जत्रा आवडली का म्हणून विचारले तर उत्तर काय येणार? दुसरे असे की शिक्षकांनी सांगितले ते स्वतःविषयीचे मत. 'मी शिकलो असे मला वाटते' आणि 'माझ्या वर्गातल्या मुलांना आता हे अधिक चांगले समजते' या दोन विधानांत मोठे अंतर आहे. पहिले विधान दुसऱ्याचा पुरावा होऊ शकत नाही. एखादे औषध घेणाऱ्याला बरे वाटते एवढ्यावरून ते गुणकारी ठरत नाही, हे आपण आठवी-नववीच्या मुलांनाही सांगतो.

उलट शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासातून एक गोष्ट पूर्वीपासून पुढे आलेली आहे. अमेरिकेतील जॉइस आणि शॉवर्स यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की नवी पद्धत ऐकून किंवा प्रात्यक्षिक पाहून शिक्षकाला ती समजते, आवडतेही. परंतु वर्गात ती टिकून राहायची तर स्वतः करून पाहणे, कोणीतरी ते पाहून अभिप्राय देणे आणि सहकाऱ्याची पुढे काही काळ सोबत असणे लागते. ग्रुपवर आपल्याला बहुतेक वेळा मिळते ते फक्त पहिले : ऐकणे आणि पाहणे.

चाळणी कोणाच्या हातात?

आता यंत्रणेकडे वळू. आपल्या फोनवर जे येते ते कसे निवडले जाते? यूट्यूब व फेसबुक यांवर ही निवड संगणकीय प्रणाली करते. आपण पूर्वी काय पाहिले, कुठे थांबलो, कशावर अंगठा दाखवला यावरून पुढे काय दाखवले म्हणजे आपण आणखी वेळ थांबू याचा ती अंदाज बांधते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये अशी प्रणाली नाही. तेथे निवड माणसे करतात. जे चटकन समजते, छान दिसते आणि आश्चर्य वाटायला लावते ते पुढे जाते. दोन्ही चाळण्यांना एका गोष्टीशी कर्तव्य नसते : जे चालले आहे ते बरोबर आहे का?

एक परिचित उदाहरण घेऊ. बशीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून काचेचा पेला उपडा ठेवला. मेणबत्ती विझते आणि पाणी पेल्यात चढते. शेवटी निवेदक सांगतो, 'मेणबत्तीने हवेतला ऑक्सिजन वापरला, तो एक पंचमांश होता, म्हणून पाणी एक पंचमांश चढले.' चाळीस-पन्नास सेकंदांची ही चित्रफीत बहुतेक विज्ञान शिक्षकांच्या ग्रुपवर कधी ना कधी येऊन गेली असेल.

प्रयोग खरा आहे, स्पष्टीकरण चुकीचे आहे. मेण जळताना ऑक्सिजनचे साधारण ३ रेणू खर्ची पडले की कार्बन डायऑक्साइडचे २ रेणू तयार होतात. पाण्याची वाफही होते, पण ती थंड होऊन द्रवरूप होते. हवेत ऑक्सिजन २१ टक्के. तो सगळाच्या सगळा संपला असे मानले तरी त्याच्या जागी १४ टक्के कार्बन डायऑक्साइड येईल आणि वायूचे आकारमान जेमतेम ७ टक्क्यांनी घटेल. प्रत्यक्षात सगळा ऑक्सिजन संपतच नाही. ज्योत विझते तेव्हा पेल्यात सुमारे १६ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो. म्हणजे या कारणाने होणारी घट दोन टक्क्यांच्या आतली. मग पाणी इतके चढते कसे? पेला ठेवताना ज्योतीभोवतीची हवा तापून प्रसरण पावलेली असते आणि तिच्यातली काही बाहेर जाते; नीट पाहिले तर काही वेळा पेल्याच्या कडेखालून बुडबुडे निसटताना दिसतात. ज्योत विझली की आतली हवा थंड होऊन आकुंचन पावते, तिचा दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावून तोच पेला ठेवा. ऑक्सिजनचे प्रमाण तेवढेच, तरी पाणी अधिक वर चढते. आणखी एक निरीक्षण करा : पाणी मेणबत्ती जळत असताना हळूहळू चढते, की ती विझल्यानंतर झपाट्याने? ऑक्सिजन संपत गेल्यामुळे पाणी चढत असते तर ते जळतानाच चढायला हवे होते.

या दोन चाचण्या सातवीतले मूलही सुचवू शकेल. मग ती चित्रफीत पुढे पाठवणाऱ्यांच्या हातून त्या का होत नाहीत? कारण पुढे पाठवायला दोन सेकंद लागतात आणि करून पाहायला एक तास. शिवाय ज्या वर्गात पाणी एक पंचमांशापेक्षा कमी किंवा जास्त चढले, त्या वर्गाची चित्रफीत कोणी पाठवत नाही. फसलेला प्रयोग ग्रुपवर येत नाही. म्हणून ग्रुपवरच्या जगात सगळे प्रयोग यशस्वी होतात आणि आपलाच तेवढा फसतो, असे वाटू लागते. पुष्कळ शिक्षक प्रयोग करणे टाळतात त्यामागे हेही एक कारण असावे, असा आम्हांला दाट संशय आहे.

अध्यापनशास्त्राच्या नावाने फिरणाऱ्या संदेशांचीही हीच गत आहे. 'आपण वाचलेले १० टक्के लक्षात ठेवतो, ऐकलेले २० टक्के, पाहिलेले ३० टक्के आणि केलेले ९० टक्के', असा त्रिकोण आपण पाहिला असेलच. त्याखाली पुष्कळदा एडगर डेल यांचे नाव असते. डेल यांनी १९४६ साली दृक्‌श्राव्य साधनांवरील पुस्तकात अनुभवांचा शंकू मांडला हे खरे. पण त्यांच्या शंकूत टक्केवारी नव्हतीच. ती नंतर कोणीतरी चिकटवली. विज्ञानाच्या शिक्षकाने हे आकडे पाहताच थबकायला हवे. प्रत्यक्ष मोजमापातून दहा, वीस, तीस असे गोळीबंद आकडे कधी येतात का? काय वाचायला दिले होते? किती दिवसांनी विचारले? कोणाला विचारले? यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्या चित्रात नसते.

'काही मुले पाहून शिकतात, काही ऐकून, काही हाताळून. म्हणून प्रत्येकाला त्याच्या प्रकाराप्रमाणे शिकवा' हा संदेशही असाच. २००८ साली पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरील संशोधनाचा आढावा घेतला. त्या प्रकारे वाटणी करून शिकवल्याने शिकणे सुधारते, असे मानायला पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. तो आढावा काही ग्रुपवर आला नाही. खंडनाला मूळ संदेशाइतके पाय नसतात. व्हॉट्सॲपने भारतात २०१८ साली एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पाठवण्याची मर्यादा घातली आणि २०२० साली वारंवार पुढे गेलेल्या संदेशांना ती एकावर आणली. त्यामुळे वेग कमी होईल. खरे-खोटे पारखण्याचे काम मात्र वाचणाऱ्याकडेच राहते.

आवड आणि गरज

येथे 'स्वतःच्या गरजेनुसार' या शब्दांपाशी थांबले पाहिजे. सगळ्या दाव्याचा भार त्यांच्यावर आहे आणि त्यांत एक गफलत दडलेली आहे. फोनला आपली आवड कळते. गरज कळत नाही.

चंद्रकलांचे उदाहरण पाहा. चंद्रकला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात अशी समजूत मुलांमध्ये सर्रास आढळते आणि मोठ्यांमध्येही ती कमी नाही. एखाद्या शिक्षकाचीच अशी समजूत असेल तर तो त्याविषयी शोध घेईल का? मुळीच नाही. त्याच्या दृष्टीने तो प्रश्न सुटलेला आहे. तो शोधेल चंद्रकलांचा रंगीत तक्ता, किंवा बिस्किटांची साय खरवडून कला दाखवण्याची युक्ती. फोन त्याला अशा दहा युक्त्या देईल, कारण त्याने त्याच मागितल्या. आपल्याला काय येत नाही हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला मागता कसे येणार?

ती उणीव दोनच ठिकाणी उघडी पडते. एक म्हणजे दुसऱ्या जाणत्या माणसाशी बोलताना. दुसरे ठिकाण मुलांचे. एखाद्या मुलीने विचारले, 'बाई, अष्टमीला संध्याकाळी सूर्य आणि चंद्र दोघेही आकाशात दिसतात, मग पृथ्वीची सावली चंद्रावर पडते कशी?' तर त्या एका प्रश्नात त्या शिक्षिकेसाठी नेमके, तिच्यापुरते आखलेले प्रशिक्षण आहे. वैयक्तिक गरज म्हणावी ती ही. ती वर्गात जन्मते आणि मुलांच्या वह्यांत, चुकीच्या उत्तरांत, आडवळणी प्रश्नांत सापडते.

ली शुलमन यांनी १९८६ साली शिक्षकाच्या ज्ञानाचा एक खास प्रकार वेगळा काढून दाखवला. विषय येणे वेगळे, शिकवण्याची सर्वसाधारण तंत्रे येणे वेगळे. आणि हाच विषय शिकताना मुले कुठे अडखळतात, कोणत्या समजुती घेऊन येतात, कोणत्या उदाहरणाने गाठ सुटते, हे ज्ञान वेगळे. डॉक्टरने पुस्तक वाचलेले असते तसे रुग्णही पाहिलेले असतात. त्यातलाच हा प्रकार. हे ज्ञान आपल्याकडे हजारो शिक्षकांच्या डोक्यात सुटे सुटे पडलेले आहे. समाजमाध्यमांनी ते एकत्र आणता आले असते. आपण मात्र त्यांचा उपयोग केला तो सुविचार, तक्ते, तयार स्वाध्याय आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवायला.

फोन नव्हता तेव्हा

अशी देवाणघेवाण फोनशिवाय घडलेली आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात (आजचा नर्मदापुरम) १९७२ साली १६ शाळांतून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील व दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञही त्यात सहभागी होते. प्रयोग करून शिकणे हे त्याचे सूत्र. आमच्या दृष्टीने त्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग होता शिक्षकांची मासिक बैठक. वर्गात कोणता प्रयोग झाला, मुलांनी काय निष्कर्ष काढले, कुठे फसले, याची तिथे चर्चा होई. मुलांच्या प्रश्नांसाठी 'सवालीराम' नावाचे काल्पनिक पात्र होते. मुले त्याला पत्रे लिहीत आणि त्यांना उत्तरे जात.

हा कार्यक्रम २००२ साली शासनाने बंद केला. त्याला मर्यादाही होत्या. बैठकीला जायचे तर शाळा सोडून प्रवास करावा लागे आणि पत्राच्या उत्तराला वेळ लागे. आज फोनने या दोन्ही अडचणी दूर केल्या आहेत. प्रवास नको, वाट पाहणे नको. पण त्या बैठकीला ज्यामुळे अर्थ होता ती गोष्ट, म्हणजे वर्गातून परत आलेला अनुभव, आपोआप येत नाही. ती आणावी लागते.

एक नमुना : कोल्हापूर आणि नागपूर

टीकाच करून थांबणे बरे नव्हे. ग्रुपचा वेगळा उपयोग कसा होऊ शकतो याचा एक नमुना देतो.

२० किंवा २१ मार्चला सूर्य विषुववृत्तावर असतो. त्या दिवशी १०० सेंटिमीटर उंचीची काठी सपाट जमिनीवर ओळंब्याने उभी करून तिची सर्वांत लहान सावली मोजावी. कोल्हापुरात ती सुमारे ३० सेंटिमीटर भरेल आणि नागपुरात सुमारे ३८.७. यावरून सूर्यकिरणांचा उभ्या रेषेशी होणारा कोन काढला तर तो कोल्हापुरात १६.७ अंश आणि नागपुरात २१.१५ अंश येतो. हेच त्या गावांचे अक्षांश. दोहोंतला फरक ४.४५ अंश. नकाशावरून या दोन अक्षांशांमधले दक्षिणोत्तर अंतर काढले (रस्त्याचे अंतर चालणार नाही) तर ते सुमारे ४९५ किलोमीटर येते. ४.४५ अंशांना ४९५ किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? सुमारे ४०,०००. दोन शाळांनी मिळून पृथ्वीचा परीघ मोजला. एराटोस्थेनिसने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी हेच केले होते.

एका शाळेला हा प्रयोग एकटीने करता येत नाही. दोन दूरच्या शाळा लागतात आणि त्यांना जोडणारा दुवा लागतो. येथे ग्रुप खरोखर उपकरण बनतो.

पण खरे शिक्षण पुढेच आहे. कोल्हापूरच्या शिक्षकाने ३० ऐवजी ३१ सेंटिमीटर कळवले, तर परीघ एकदम ४५,००० किलोमीटरच्या पुढे जातो! केवळ एका सेंटिमीटरने. मग ग्रुपवर विचारपूस सुरू होते. काठी तिरकी होती का? जमीन उताराची होती का? सावली घड्याळात बारा वाजता मोजली का? कारण सर्वांत लहान सावली त्या दिवशी नागपुरात सुमारे १२ वाजून २० मिनिटांनी आणि कोल्हापुरात सुमारे १२ वाजून ४० मिनिटांनी पडते. ती तशी का, हा पुन्हा भूगोलाचा प्रश्न. आणि सावलीचे टोक नेमके कुठे संपते? सूर्य बिंदू नाही, त्याची तबकडी अर्धा अंश रुंद दिसते. त्यामुळे सावलीची कड सुमारे एक सेंटिमीटर पुसट असते. पुसट पट्ट्याच्या मध्यावर मोजायचे की गडद भागाच्या शेवटी, हे सर्वांनी मिळून ठरवावे लागते.

या चर्चेत प्रत्येक शिक्षक वेगळे काही शिकतो. एकाला त्रिकोणमिती उजळावी लागते, दुसऱ्याला प्रमाणवेळ व स्थानिक वेळ यांतला फरक पहिल्यांदा उमगतो, तिसऱ्याला मोजमापातली त्रुटी म्हणजे काय ते कळते. ज्याची त्याची गरज ज्याच्या त्याच्या कामातून वर येते. कोणीही ती आधी ठरवून दिलेली नसते.

अडचणी खऱ्या आहेत

हे सगळे कागदावर सोपे आहे याची आम्हांला जाणीव आहे. पहिली अडचण अशी की शिक्षकांचे बरेचसे ग्रुप शिकण्यासाठी राहिलेलेच नाहीत. तातडीची माहिती, लिंक भरणे, कार्यक्रमाचे फोटो पाठवणे, झालेल्या कामाचा अहवाल, हे सर्व तिथेच येते. फोन शिक्षकाचा, रिचार्ज शिक्षकाचा आणि वेळ रात्री नऊची. ज्या ग्रुपवर वरिष्ठ अधिकारी आहेत तिथे 'माझ्या वर्गाला अपूर्णांक कळले नाहीत, काय करू?' असे कोण लिहील? लिहिणाऱ्याचे नाव लक्षात राहील, ही भीती निराधार म्हणता येत नाही. जिथे न कळणे कबूल करता येत नाही तिथे कळण्याची सुरुवात होत नाही.

दुसरी अडचण तासांच्या हिशेबाची. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असे म्हटले आहे. हेतू चांगला आहे. 'दीक्षा'सारख्या शासकीय व्यासपीठावर अभ्यासक्रम उपलब्ध आहेत, ते पूर्ण केल्यावर प्रमाणपत्र मिळते. पण प्रमाणपत्र चित्रफीत शेवटपर्यंत चालली याची साक्ष देते. वर्गात काही बदलले याची नव्हे. मोजायला सोपे तेच मोजले जाते, हा धोका प्रत्येक मोजमापात असतो.

तिसरी गोष्ट मुलांची. आपल्या उपक्रमाचा पुरावा म्हणून मुलांचे चेहरे शेकडो अनोळखी फोनवर जातात. त्यांच्या पालकांना कोणी विचारलेले असते का? वहीच्या पानाचा फोटो पुरेसा असतो, आणि शिकण्याच्या दृष्टीने तोच अधिक बोलका असतो.

मग काय करावे?

मोठा ग्रुप सोडावा असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या बाजूला एक लहान ग्रुप करून पाहावा. सहा ते आठ शिक्षक, एकच विषय, शक्यतो एकमेकांना भेटलेले. त्यात वरिष्ठ अधिकारी नकोत, शुभेच्छा नकोत. महिन्याला एकच प्रश्न घ्यावा; उदाहरणार्थ, 'वस्तू पाण्यात तरंगते किंवा बुडते ती कशामुळे, असे आपल्या मुलांना वाटते?' प्रत्येकाने आपल्या वर्गात विचारावे आणि तीन गोष्टी लिहाव्यात : काय केले, मुले नेमके काय म्हणाली, काय जमले नाही. तिसरी गोष्ट रिकामी सोडायची नाही, एवढा नियम कडकपणे पाळावा. बाहेरून आलेला प्रयोग स्वतः केल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही, हा दुसरा नियम. महिनाअखेर केंद्राच्या शिक्षण परिषदेत भेट होतेच. तिथे त्या नोंदी समोर ठेवून अर्धा तास बोलावे.

यासाठी कोणाच्या परिपत्रकाची गरज नाही. यात कोणतेही नवे तंत्रज्ञानही नाही. फोन तोच, त्यातून वाहणाऱ्या मजकुराची दिशा तेवढी बदलायची. आज मजकूर बाहेरून वर्गाकडे येतो. तो वर्गातून बाहेर निघाला पाहिजे.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनीही यात भाग घ्यावा. मेणबत्तीचा प्रयोग एक, दोन आणि तीन मेणबत्त्या लावून करा. प्रत्येक वेळी पाण्याची उंची पट्टीने मोजा. पाणी विझण्याआधी किती चढले आणि नंतर किती, याची नोंद ठेवा. आपल्या शिक्षकांच्या ग्रुपवर ती चित्रफीत पुन्हा येईल तेव्हा त्याखाली आपला तक्ता जोडायला त्यांना सांगा. आकडे एकमेकांशी जुळले नाहीत, तर तेही तसेच लिहा.